तीस सप्टेंबरच्या आठवड्यात चौथीच्या वर्गात

उमरगा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये सेवा केलेल्या एका निवृत्त शिक्षिकेचा हा प्रश्नोत्तरांचा स्तंभ. या वेळची तिन्ही पत्रं ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या भागातूनच आली आहेत.

प्रश्न : नमस्कार बाई. मी मूळची सांगली जिल्ह्यातली. औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी नेमणूक झाली आहे. चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. आमच्याकडे दर ३० सप्टेंबरला परिपाठाला दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली होते, एखादा मुलगा पाठ केलेलं भाषण म्हणतो आणि मग रोजचे तास सुरू होतात. यंदा मुख्याध्यापक म्हणाले, आठवडाभर काहीतरी घ्या. हे कळल्यावर दोन पालक येऊन सांगून गेले, ‘लेकरांच्या डोक्यात भीती घालू नका.’ एक आजोबा म्हणाले, ‘तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला काय ठाऊक?’ नऊ वर्षांच्या मुलांना हे सांगावं का? आणि सांगायचं तर किती?
– एक शिक्षिका, औसा तालुका

उत्तर : ताई, सांगावं. तुमच्या गावातल्या लेकराला ते आधीपासूनच ठाऊक आहे. वाऱ्यानं पत्रा वाजला की आजी उठून बसते, हे त्यानं पाहिलंय. एका फोटोला वर्षातून एकदाच हार पडतो आणि त्या दिवशी वडील कुणाशी फारसं बोलत नाहीत, हेही पाहिलंय. यातलं काही विचारलेलं चालतं का, तेवढंच त्याला माहीत नाही. शाळेनं त्याला विचारू द्यावं. अर्धवट कानावर पडलेल्या गोष्टीची भीती पुरत्या सांगितलेल्या गोष्टीपेक्षा फार मोठी असते. चौतीस वर्षांच्या बायकांनाही ती सुटत नाही, लेकरांचं काय घेऊन बसलात.

दोन मिनिटं उभं राहण्याला माझा विरोध नाही. पण कुणासाठी उभं राहायचं हे नऊ वर्षांच्या मुलाला माहीत नसेल, तर तो ती दोन मिनिटं पुढच्याच्या कॉलरकडे बघत काढतो. त्याच्याकडे आधी माणसं असली पाहिजेत. त्यासाठी आठवडा हवा, आणि तुमच्या मुख्याध्यापकांनी तो दिलाय हे फार चांगलं झालं.

आता माझं मुख्य म्हणणं. सुरुवात त्या रात्रीपासून करू नका. आदल्या दिवसापासून करा. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गावोगाव गणपती विसर्जन झालं, लेझीम खेळून माणसं उशिरा घरी आली, पोरं गुलालानं माखलेली तशीच झोपली. पहिले दोन दिवस फक्त एवढंच घ्या. म्हणजे जुनं गाव. वेस कुठं होती, आड कुठं, चावडी कुठं, पिठाची गिरणी कुणाची, शाळा कोणत्या तोंडाची. मुलांना नवं गाव माहीत आहे, सरळ रस्त्यांचं, आखलेल्या प्लॉटांचं. जुनं गाव त्यांच्यासाठी बाभळी वाढलेला माळ आहे, तिकडं जाऊ नको म्हणून सांगितलेला. तिथं कुणी राहत होतं, भांडत होतं, लग्नं करत होतं, हे कळल्याशिवाय काय गेलं ते त्यांना कळायचं नाही.

वर्गातली बस्करं गुंडाळून ठेवा आणि फरशीवर खडूनं नकाशा काढा. गावातली तीन-चार वयस्कर माणसं बोलवा. ज्या आजोबांनी तुम्हाला ‘बाहेरच्या’ म्हटलं ना, त्यांना सगळ्यांत आधी बोलवा. तुम्ही बाहेरच्या आहात हे इथं तुमच्या उपयोगाचं आहे. गावातल्या शिक्षकाला ‘मारुतीचं देऊळ कुठं होतं?’ असं विचारता येत नाही, लोक म्हणतील याला एवढंही माहीत नाही. तुम्ही खुशाल विचारा. आजोबा खडू हातात घेतील, मग दुसरे आजोबा म्हणतील, ‘अहो, आड तिकडं नव्हता, धाकट्या वेशीजवळ होता,’ आणि दोघांत जुंपेल. जुंपू द्या. आड खोडून परत काढायचं काम मुलांना द्या. म्हाताऱ्या माणसांनी आपल्या जुन्या घराचा उंबरठा खडूनं आखताना मी पाहिलंय. तेवढा वेळ ती माणसं भूकंपात मेलेल्यांची नातेवाईक नसतात, एका गावचे रहिवासी असतात. मुलांना ते रूप दिसलं पाहिजे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण नकाशा काढला की ती वर येतेच. कुणीतरी विचारणार, ‘बाई, यांची घरं वेशीच्या बाहेर का?’ टाळू नका. जातीमुळं, असं सरळ सांगा, आणि हे चुकीचं होतं हेही सांगा. चौथीच्या मुलाला ते समजतं. वरून आणखी एक गोष्ट त्याला विचार करायला द्या. दगडमातीच्या मोठ्या माळवदाच्या (म्हणजे मातीच्या जड छताच्या) घरांत सर्वांत जास्त माणसं गेली, आणि गवताच्या, पत्र्याच्या हलक्या छपराखाली झोपलेली बरीच वाचली. शेतात राखणीला गेलेलीही वाचली. का, ते मुलांनाच शोधू द्या. इथून तुमचा विज्ञानाचा भाग आपोआप सुरू होतो.

तो भाग हातानं करून घ्या, फळ्यावर नको. एक गुळगुळीत फळी घ्या आणि ती खेळायच्या गोट्यांवर ठेवा. फळीवर मुलांना ओढ्यातल्या बारीक गोल खड्यांची आणि चिखलाची दोन छोटी घरं बांधायला सांगा. भिंती जाड करा, वर काटक्या ठेवून त्यावर ओल्या मातीचा भरपूर थर द्या, म्हणजे माळवद झालं. दोन्ही घरं अगदी सारखी. फक्त दुसऱ्या घराला दाराच्या वरच्या उंचीला भिंतीच्या आतून सुतळीचा एक पट्टा चहूबाजूंनी फिरवा आणि कोपऱ्यात गाठ पक्की मारा. दोन दिवस वाळू द्या. मग एका मुलाला फळी आडवी हलवायला सांगा, आधी हळू, मग जोरात. पहिल्या घराचे खडे सुटून आत पडतात आणि वरची माती त्यावर बसते. पट्ट्याचं घर तडकतं, वाकडं होतं, पण बरंचसं उभं राहतं. दोन-तीनदा करून बघा, आधी तुम्ही एकट्या, मग वर्गासमोर. कारण चिखल नीट वाळला नसला तर दोन्ही घरं सारखीच बसतात आणि मुलांचा विरस होतो.

यानंतर मुलांना जी माहिती सांगायची ती फार नाही. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा सगळी झोपेत होती. त्याची तीव्रता वेगवेगळ्या मोजणीत ६.२ ते ६.४ अशी धरतात. जगात याहून मोठे कितीतरी भूकंप झाले, पण हा जमिनीखाली फार खोल नव्हता, थेट गावांच्या खालीच होता. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आतला दगड बाहेरच्याशी बांधलेला नाही, वर मातीचा टनावारी भार. आठ ते दहा हजार माणसं गेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली ५२ गावं पुरती उठवून नव्या जागी वसवावी लागली, त्यातलंच एक तुमचं. त्या वेळच्या नकाशावर हा भाग भूकंपाच्या दृष्टीनं सगळ्यांत सुरक्षित पट्ट्यात दाखवलेला होता. २००२ साली नकाशा बदलला आणि किल्लारीचा परिसर जास्त धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात गेला. मुलांना हे आवडतं, की मोठ्या माणसांचा नकाशासुद्धा बदलतो.

‘का झाला?’ हे विचारतीलच. कुणी सांगेल देवाचा कोप, कुणी सांगेल जवळच्या माकणीच्या धरणातल्या पाण्यामुळं. धरणावर शास्त्रज्ञांत बरीच चर्चा झालेली आहे, ती चौथीला झेपणारी नाही. भारताची जमीन उत्तरेकडं हळूहळू सरकते आहे, हिमालयाला रेटते आहे. त्या रेट्याचा ताण खडकात साठत जातो, आणि आपल्या काळ्या दगडाच्या खाली जिथं जुनी कच्ची जागा होती तिथं खडक सरकला. इतकं पुरे. देवाच्या कोपाचं मात्र स्पष्ट खोडून काढा. ज्या लेकराची आत्या सहाव्या वर्षी गेली, त्याच्या डोक्यात ‘आपल्या घरानं काय पाप केलं होतं’ हे राहता कामा नये. ही एवढी एक गोष्ट तुमच्या वर्गातून गेली तरी आठवडा सत्कारणी लागला.

बचावाचा सराव एका तासात होतो. खाली बसायचं, डोकं झाकायचं, बाक असेल तर त्याच्याखाली जाऊन त्याचा पाय घट्ट धरायचा, हलणं थांबलं की रांगेनं मैदानात. त्याचं नाटक करू नका, किंकाळ्या नकोत, घंटा पुरे. जपानात १९२३ च्या भूकंपाच्या तारखेला, १ सप्टेंबरला, अजूनही शाळाशाळांतून असा सराव होतो, हे सांगितलंत तर मुलं जास्त मनापासून करतील.

फोटो दाखवू नका. मोबाईलवर तेव्हाचे व्हिडिओ फिरतात, ते तर अजिबात नको. मुलांना सांगताना मदतीला आलेल्या माणसांवर थांबा. जवान आले, डॉक्टर आले, राज्यभरातून भाकरी, कपडे, औषधं घेऊन गाड्या आल्या. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्यातली काही आज तुमच्या पालकांच्याच वयाची आहेत, गावात चौकशी करा, एखादं माणूस सहज भेटेल आणि वर्गात यायला नाही म्हणणार नाही.

आता ३० तारीख. त्याबद्दल माझा अनुभव सांगते, तो कुणाला सांगायची वेळ फारशी येत नाही. त्या वर्षी आमची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा भरली तेव्हा हजेरीपट ढिगाऱ्याखालीच होता. नवी वही घेऊन मी बसले आणि मुलांना म्हटलं, नावं सांगा. रोज ऐकून ऐकून त्यांना क्रम पाठ होता. त्यांनी जुन्या क्रमानं नावं सांगायला सुरुवात केली आणि जी लेकरं गेली होती त्यांची नावंही मधे आपापल्या जागी घेतली. कुणी अडखळलं नाही, कुणी माझ्याकडं बघितलं नाही. मी सगळी लिहिली. सरकारी दप्तरासाठी नंतर दुसरा हजेरीपट केला, पण पहिली वही मी ठेवलीय. गेलेल्याचं नाव घ्यायला लेकरं घाबरत नाहीत. आपण मोठी माणसं घाबरतो आणि आपलं बघून ती शिकतात.

म्हणून ३० तारखेला भाषण नको. प्रत्येक मुलानं घरून एक नाव आणावं, आणि त्या माणसाची एक गोष्ट. ‘माझी आत्या, सहा वर्षांची होती, चिंचा खाऊन तिचे दात आंबायचे.’ एवढं एक वाक्य, उभं राहून. ज्यांच्या घरातलं कुणी गेलं नाही, किंवा जे नंतर राहायला आले, त्यांनी मदत करणाऱ्या एखाद्या माणसाचं नाव आणावं. ज्याला बोलायचं नसेल त्यानं चिठ्ठीवर लिहून द्यावं, तेही नको असेल तर नुसतं बसावं. त्याला जबरदस्ती नाही आणि ‘शूर हो’ वगैरे नाही. नावं संपली की दोन मिनिटं उभं राहा. त्यानंतर लगेच घरी सोडू नका. खिचडी होऊ द्या, खेळाचा तास घ्या, मुलं हसतखेळत घरी गेली पाहिजेत.

त्या दोन पालकांना आठवड्याच्या आधी बोलावून हे सगळं सांगा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सांगितलंत तर अधिक बरं. फळीवरची घरं त्यांनाच करून दाखवा. आणि एखादं मूल त्या आठवड्यात रात्री दचकून उठू लागलं, किंवा गप्प झालं, तर त्याच्या आईशी त्याच दिवशी बोला, आठवडा संपायची वाट बघू नका.

प्रश्न : बाई, माझ्या नातवानं शाळेतून कागद आणलाय, त्यावर लिहिलंय, आजीला भूकंपाची माहिती विचारून या. तो रोज विचारतो. माझा मोठा मुलगा आणि सासूबाई त्या रात्री गेल्या. मी आजवर ते कुणाला सांगितलेलं नाही, सुनेलाही नाही. पोराला नाही म्हणवत नाही आणि सांगवतही नाही. मी काय करू?
– एक आजी, लोहारा तालुका (पत्र सुनेनं लिहून घेतलं)

उत्तर : माय, ती रात्र त्याला सांगायची तुमच्यावर काही सक्ती नाही. ज्यानं तो कागद काढला त्यानं प्रश्न नीट विचारलेला नाही, एवढंच मी म्हणेन. ‘भूकंपाची माहिती’ नातवाला पुस्तकातही मिळेल. तुमच्याकडं दुसरं आहे, जे कुठंच मिळणार नाही.

त्याला तुमचा मोठा मुलगा कसा होता ते सांगा. तो या पोराचा काका की चुलता, जे काय तुमच्यात म्हणत असाल ते. कुठं लपायचा, काय खायला मागायचा, शाळेत जाताना रडायचा की पळत जायचा. सासूबाई जात्यावर काय म्हणायच्या ते सांगा, आणि गळा चांगला असेल तर म्हणून दाखवा. चूल कुठल्या कोपऱ्यात होती, पाणी कुठून आणत होता, ढेलजेत कोण झोपायचं. हे सांगताना डोळ्यात पाणी आलं तर येऊ द्या. नातू घाबरणार नाही. त्याला सांगा, ‘मला त्यांची आठवण आली म्हणून रडू आलं.’ लेकरांना कारण कळलं की पुरतं.

आणि त्या रात्रीचं त्यानं विचारलंच तर म्हणा, ‘ते मला आत्ता सांगवत नाही, मोठा झालास की विचार.’ हेही उत्तरच आहे, त्यानं ते कागदावर तसंच लिहावं. त्याच्या बाईंनी ते वाचून त्याला कमी गुण दिले, तर मला कळवा, मी त्यांना पत्र लिहीन.

सूनबाई, हे पत्र तुम्ही लिहून घेतलंत, म्हणजे तुम्ही ते पहिल्यांदा ऐकलंत. आजी नातवाला सांगायला बसतील तेव्हा तुम्हीही जवळ बसा, हातात काहीतरी निवडायचं काम घेऊन. नुसतं समोर बसलं की म्हाताऱ्या माणसाला साक्ष दिल्यासारखं होतं.

प्रश्न : बाई, आमच्या पुनर्वसनाच्या घराला लागून मी एक खोली बांधतोय, पुढंमागं वर मजलाही काढायचा विचार आहे. भिंती दाराच्या उंचीपर्यंत आल्यात. मुलगा चौथीत आहे. शाळेत त्यांनी फळीवर घर हलवून बघितलं म्हणे, आणि आता रोज विचारतो, ‘पप्पा, आपल्या खोलीला पट्टा आहे का?’ गवंडी म्हणतो, एका खोलीला कशाला, उगीच खर्च. पोराला काय सांगू?
– एक पालक, औसा तालुका

उत्तर : दादा, पोराला सांगा की तू म्हणतोस ते बरोबर आहे, आणि गवंड्याला उद्या सकाळी काम थांबवायला सांगा. भिंती दाराच्या उंचीवर आल्यात म्हणजे पट्टा घालायची वेळ नेमकी आत्ताच आहे. वर आणखी चार थर चढले की ती गेली.

पट्टा म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट, किमान तीन इंच जाडीचं, चारही भिंतींवरून न तुटता फिरलेलं. दारा-खिडक्यांवर नुसते तुकडे टाकले तर तो पट्टा नव्हे, तो फक्त वरचं वजन पेलतो. सळया कोपऱ्यात संपवायच्या नाहीत, वळवून पुढच्या भिंतीत न्यायच्या. छताच्या उंचीला असाच दुसरा घाला. भिंत दगडाची असेल तर थोड्याथोड्या अंतरावर भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड बसवायला सांगा, म्हणजे आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना धरून राहते. खिडकी कोपऱ्याला चिकटवू नका. वर पत्रा टाकणार असाल तर छतात भार कमी राहील, ते चांगलंच.

मजल्याचं मात्र थांबवा. पुनर्वसनाची बहुतेक घरं एका मजल्याची म्हणून बांधली होती, त्यांच्या पायावर वरचा भार धरलेला नाही. पंचायत समितीच्या बांधकाम विभागातल्या अभियंत्याला एकदा पाया दाखवा आणि तो लेखी काय सांगतो ते बघूनच पुढं जा.

सळया बांधून झाल्या की काँक्रीट ओतायच्या आदल्या संध्याकाळी मुलाला तिथं न्या आणि चारही कोपरे त्याला बघू द्या. कुठं सळई वळवलेली नसेल तर तो बरोबर बोट ठेवेल. गवंड्यानं ती त्याच्यासमोरच वळवावी.